दहा दिवस कमी

हॉस्पिटलात औषधं येतात तरी कुठून, असा प्रश्न नाशिकचे नातेवाईक मला दर सुट्टीत विचारतात. मी मोठ्या उत्साहाने सांगते की कारखान्यातून जहाजात, जहाजातून बंदरात, तिथून रियाधच्या गोदामात आणि मग ट्रकने आमच्या अल खर्जला. हे सगळं खरं आहे, पण अर्धवट. औषध येतं ते कागदातून. मागणीचा कागद, मंजुरीचा कागद, मंजुरी मिळाल्याचं कळवणारा कागद आणि कळवल्याची पोच देणारा कागद. एवढ्यातून कुठे चूक निघाली नाही तर शेवटी एक खोकं येतं, आणि ते खोकं आत घ्यायचं की नाही हे मी ठरवते.

माझ्या पदाचं नाव इतकं लांब आहे की ओळखपत्रावर ते दोन ओळींत कोंबावं लागलंय. काम मात्र एवढंच आहे. मालाचा दरवाजा उघडला की टेबलामागे उभं राहायचं, बारकोड स्कॅन करायचा, तारखा बघायच्या, आणि माल ठेवायचा किंवा परत पाठवायचा. शिवाय फार्मसीच्या खिडकीवर दोन तास बसायचं, कारण व्यवस्थापनाच्या मते आम्ही गोदामातल्या लोकांनीही ‘पेशंटच्या संपर्कात’ राहिलं पाहिजे. परत पाठवण्यात माझा हात कुणी धरू शकत नसे. रियाधच्या पुरवठादारांकडे ट्रकवाले आपसात ठरवत म्हणे की आज खर्जला कोण जाणार, आणि जो हरेल तो येई.

मी जन्मतः अशी नव्हते. या गोष्टीच्या आदल्या वर्षी तपासणीला बाहेरचे लोक आले होते. त्यांनी दोन दिवस हॉस्पिटल फिरून पाहिलं, जेवणाचं कौतुक केलं, आणि निघता निघता एकाने मागच्या रांगेतल्या सर्वांत खालच्या फळीवर हात घातला. खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या निघाल्या. मुदत संपलेल्या. त्या कुणी प्यायल्या नव्हत्या, कुणी पिणारही नव्हतं, पण त्या तीन बाटल्यांवर चार बैठका झाल्या. ‘असं का घडलं’ यावर मी पडद्यावर चित्रं दाखवत भाषण दिलं. आमचे खरेदी व्यवस्थापक इजिप्तचे. अत्यंत गोड माणूस, कुठल्याही गोष्टीला ‘बुकरा’ म्हणजे उद्या म्हणणारा. त्या दिवशी मात्र तेही आजच्या आज रागावले. मी नर्स नाही, पण ते सगळ्याच बायकांना सिस्टर म्हणतात. सगळ्यांसमोर म्हणाले, “सिस्टर, तुम्ही इंडियन लोक गणितात हुशार असता ना?”

ते वाक्य मला झोंबलं. त्या दिवसापासून मी तारखांच्या हात धुऊन मागे लागले.

नियम आधीपासून होताच. माल आमच्या दारात पोचेल त्या दिवशी त्याची मुदत संपायला किमान एक वर्ष बाकी हवं. नियम वाईट नाही. पुरवठादार मोठे चतुर असतात. राजधानीतल्या बड्या हॉस्पिटलांना ताजा माल द्यायचा आणि संपत आलेला आमच्यासारख्या गायी-म्हशींच्या गावाकडे ढकलायचा, ही त्यांची जुनी रीत. म्हणून नियम केला. माझ्याआधीचे लोक तो समजून वापरत. मी तो पाठ करून वापरायला लागले. टेबलासमोरच्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं, ‘बारा महिने म्हणजे बारा महिने’. इंग्रजीत आणि अरबीत. मराठीत लावायची गरज नव्हती, ते माझ्या चेहऱ्यावर होतं.

आता शिंपीचाचांबद्दल सांगायला हवं.

ते श्रीवर्धनकडचे. तीस वर्षांपासून अल खर्जच्या जुन्या बाजारात थोब शिवतात, म्हणजे इथले पुरुष घालतात तो पायघोळ पांढरा झगा. दुकान कफीलच्या, म्हणजे इथल्या अरबी जामीनदाराच्या नावावर, हात यांचे. साठीच्या आसपासचा बारीक माणूस, गळ्यात कायम टेप. दर महिन्याला औषध घ्यायला येत ते माझ्याच खिडकीवर. दुसऱ्या खिडकीवर रांग नसली तरी माझ्या रांगेत उभे राहत. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या नावाची पट्टी वाचून थबकले आणि मराठीत म्हणाले, “बाय, तू आपल्याकडची?” नाशिक आणि श्रीवर्धन एकमेकांकडचे कधीपासून झाले मला ठाऊक नाही, पण वाळवंटात मोजपट्टी बदलते. त्या दिवसापासून मी त्यांची ‘बाय’ आणि ते माझे चाचा. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला माझ्याकडून चकल्या जायच्या.

त्यांना स्नायूंचा आजार होता. शरीर मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नीट पोचू देत नाही, असा. सकाळी माणूस बरा दिसतो, दुपारपर्यंत पापण्या मिटायला लागतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, घास गिळताना अडकतो. फारच वाढला तर श्वास घेणारे स्नायूही थकतात. यावर एक जुनी, साधी, स्वस्त गोळी आहे. दिवसाला पाच घेतल्या की चाचा सुईत दोरा ओवत. नाही घेतल्या तर सुई दिसत नसे, किंवा दोन दिसत. ते म्हणत, “एक गोली म्हंजे एक थोब.” दीडशे गोळ्यांची बाटली, महिन्याला एक.

आमच्याकडे या गोळीचे तीनच पेशंट होते. चाचा, एक स्थानिक म्हातारी, आणि इंडियन शाळेतल्या एक बाई. तीन पेशंट, स्वस्त गोळी, म्हणजे तिच्याकडे लक्ष देणारा कुणी नाही. महागड्या औषधांचे कंपनीवाले सूट घालून येतात, पेन देतात, खजूर देतात. या गोळीसाठी मी कुणाला सूट घातलेला पाहिला नाही. वर्षातून एकदा मागणी जायची आणि एकदा माल यायचा.

तो माल एका उन्हाळ्यातल्या दुपारी आला. बाहेर असं ऊन की ट्रकच्या दांडीला हात लावायची सोय नाही. ट्रकवाला पेशावरचा, मोठा दाढीवाला, हरलेला असावा. खोक्यात तीस बाटल्या. मी स्कॅन केलं, पडद्यावर तारीख आली, मी बोटांवर मोजलं. अकरा महिने वीस दिवस.

“दस दिन कम है,” मी म्हटलं.

“मॅडम, दस दिन?” ट्रकवाल्याने घाम पुसला. “दस दिन में दवा को क्या हो जाएगा?”

“दवा को कुछ नहीं होगा. मुझे होगा.”

आमचा स्टोअरकीपर केरळचा, माझ्याहून वयाने मोठा, वीस वर्षं याच गोदामात. तो कधी आवाज चढवत नाही, म्हणून त्याचं कुणी ऐकत नाही. तो माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, तीन पेशंट, तीस बॉटल. दस महीने में खतम. तारीख से पहले खतम.”

हे गणित पहिलीतल्या पोराला जमलं असतं. मला जमलं नाही असं नाही. मला ते त्याच क्षणी जमलं होतं. पण मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. खरं म्हणजे त्या वेळी मला फार छान वाटत होतं. समोर सहा फुटी माणूस विनवण्या करतोय, आणि नाशिकच्या बाईच्या एका सहीवर सगळं अडलंय. असा प्रसंग माझ्या आयुष्यात वरचेवर येत नाही. घरी तर कधीच येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती मी मुद्दाम मागे ठेवत होते. फॉर्मवर तळाशी एक रकाना होता, ‘अपवाद’. कारण लिहायचं, व्यवस्थापकांची सही घ्यायची, माल ठेवून घ्यायचा. दोन मिनिटांचं काम. पण सही घ्यायला त्याच माणसाकडे जावं लागलं असतं, ज्याने मला गणितावरून टोमणा मारला होता. मी लाल पेनने ‘नामंजूर’ लिहिलं. ट्रकवाल्याने खोकं पुन्हा उचललं, जाताना “यल्ला, खलास”, म्हणजे चला, संपलं, असं म्हणाला आणि दार जरा जोरातच लावलं.

संध्याकाळी जेवताना मी ही शौर्यकथा सांगितली. नवरा म्हणाला, “बरं केलंस,” पण तो मोबाइल बघत होता, त्यामुळे ते माझ्यासाठी होतं की मोबाइलसाठी कळलं नाही. दहावीतली मुलगी म्हणाली, “मम्मा, इट्स जस्ट टेन डेज.” मी तिला शिस्तीवर एक छोटं व्याख्यान दिलं. तिने पूर्ण ऐकलं नाही, आणि मला वाटलं की आजच्या पिढीला नियमांची किंमत नाही.

पुढच्याच महिन्यात हॉस्पिटलने माझा सत्कार केला. मुदत संपलेला एकही डबा सहा महिन्यांत निघाला नाही म्हणून. केक कापला, प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. खरेदी व्यवस्थापकांनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले की आमच्या सिस्टरकडून सगळ्यांनी शिकावं. मी केकचा मोठा तुकडा घेतला.

फळीवर मात्र आता त्या गोळीची एकच बाटली होती. परत गेलेल्या मालाच्या बदल्यात पुरवठादार लगेच नवा पाठवेल, असं मी धरून चालले होते. पुरवठादाराच्या हिशेबी मात्र मी माल नाकारला म्हणजे मागणी संपली. नवी मागणी करा, रांगेत उभ्या राहा, बारा ते सोळा आठवडे. मी ‘तातडीचं’ असा शिक्का मारून नवी मागणी पाठवली. ती व्यवस्थापकांच्या टेबलावर पोचली तेव्हा तिथे आधीच तातडीच्या मागण्यांचा गठ्ठा होता. सगळंच तातडीचं असल्यामुळे कशालाच घाई नव्हती. “बुकरा, सिस्टर, बुकरा.”

ती शेवटची बाटली म्हातारीच्या मुलाने नेली, कारण तो आधी आला. शाळेतल्या बाई तीन महिन्यांचा साठा घेऊन सुट्टीवर गेल्या होत्या. चाचा चार दिवसांनी आले.

“बाय, गोल्या?”

आता इथे खरं बोलायची पहिली संधी होती. ‘चाचा, आल्या होत्या, मी परत पाठवल्या’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्या मागे सात-आठ माणसं उभी होती, शेजारच्या खिडकीवरची फिलिपिनो मुलगी ऐकत होती, तिला मराठी येत नव्हतं तरी. मी म्हटलं, “कंपनीकडून आल्या नाहीत अजून. चार-आठ दिवस लागतील. घरी आहेत ना थोड्या?”

“हायत थोड्या. चालवतो.” आणि उलट मलाच धीर दिला, “तू नको टेन्शन घेऊ.”

आठवड्याने पुन्हा आले. डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर आलेली. कपाळाला आठ्या घालून ते ती वर ओढून धरत होते. मी विचारलं, किती घेताय? म्हणाले, दोन-तीन. विचारलं, दिवसाला? म्हणाले, मग काय तासाला? आणि हसले. हसू एका बाजूला जास्त आलं.

मला भीती वाटली. अशा वेळी माणूस दोन गोष्टी करू शकतो. भीतीचं ऐकून पळापळ करायची, किंवा भीती लपवायला आणखी जोरात बोलायचं. मी म्हटलं, “चाचा, कंपनीकडेच माल नाही. सगळ्या सौदीत नाही. रियाधलाही नाही. सगळीकडे हीच बोंब आहे.” इतकं सांगायची काहीच गरज नव्हती. पण अर्धं खोटं उघडं पडण्याची भीती असते, पूर्ण खोटं कसं भरदार वाटतं. ते खिडकीवरून निघून गेले. जाताना त्यांचं डोकं जरा मागे कललेलं होतं, कारण मिटत आलेल्या पापण्यांखालून बघायचं तर हनुवटी वर करावी लागते.

त्या आठवड्यात मी काय केलं? खूप काही केलं. दोन स्मरणपत्रं लिहिली. मागणीवरचा शिक्का पुन्हा मारला, यावेळी लाल शाईत. डॉक्टरांना पत्र पाठवलं की दुसरं काही औषध चालेल का. डॉक्टर आठवड्यातून एकदा रियाधहून येतात, त्यामुळे पत्र त्यांच्या खोलीत त्यांची वाट बघत पडलं. फक्त एक गोष्ट केली नाही. आम्हा फार्मसीवाल्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, कुणाकडे काय संपलं, कुणाकडे जास्त आहे हे विचारायला. त्यावर एक ओळ टाकली असती तर पाच मिनिटांत उत्तर आलं असतं. पण त्या ग्रुपमध्ये पुरवठादाराचा माणूसही आहे. त्याने लिहिलं असतं, मॅडम, आम्ही तर आणून दिल्या होत्या. सत्कार होऊन महिना झाला नव्हता. मी ती ओळ टाइप केली, वाचली आणि पुसून टाकली.

चाचांना एका दुपारी, दुहरच्या नमाजानंतर, हॉस्पिटलात आणलं. दोन माणसांनी धरून. थोब शिवायला बसले होते, दुपारचा डबा उघडला, पहिला घास घशात अडकला, मग लाळही गिळता येईना, मग श्वास. मी गोदामातून तिकडे गेले तेव्हा त्यांना चाकांच्या खाटेवरून आत नेत होते. डोळे मिटल्यासारखे होते पण ते जागे होते, फक्त उघडता येत नव्हते. तोंडावर मास्क. गळ्यातला टेप कुणीतरी काढून त्यांच्या छातीवर गुंडाळून ठेवला होता. नर्सने माझ्याकडून एक महागडं इंजेक्शन मागवलं. ते आमच्याकडे होतं. फ्रीजमध्ये भरपूर, अठरा महिन्यांची मुदत, प्रत्येक खोकं ओळीत. एका स्वस्त गोळीच्या जागी आम्ही पाच दिवस ते महागडं इंजेक्शन देणार होतो, आणि त्याचा एकही कागद अडला नाही.

मग मी फोन उचलला. तिसऱ्याच फोनला रियाधच्या एका हॉस्पिटलमधली फार्मसिस्ट भेटली. हैदराबादची, बडबडी. “है ना, बहोत है. तीस बॉटल आई थी, शॉर्ट डेट थी थोड़ी, हमने रख ली. कंपनीवाला बोला, खर्ज में कोई मॅडम है, दस दिन के वास्ते वापस कर दी. कैसे-कैसे लोग रहते ना आपके उधर?”

“हां,” मी म्हटलं. “रहते हैं.”

पाच बाटल्या ती उसन्या द्यायला तयार झाली. तिच्या हॉस्पिटलचाही एक फॉर्म होता. त्यात अट होती की उसन्या नेलेल्या औषधाच्या बदल्यात परत देताना मुदत किमान एक वर्षाची हवी. मी वाचलं आणि मुकाट्याने सही केली. मग स्वतः गाडी काढली. रस्ता तासाभराचा, दोन्ही बाजूंना दूधवाल्या कंपन्यांचे गोठे आणि चाऱ्याची गोल शेतं. वाटभर मला कुणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटत होतं, पण गाडीत मी एकटीच होते.

बाटल्या घेऊन परत आले, त्याच टेबलावर ठेवल्या, स्कॅन केल्या. तोच बॅच नंबर. पडद्यावर तारीख आली. आता साडेनऊ महिने. स्टोअरकीपर शेजारी उभा होता. त्याने ड्रॉवरमधून अपवादाचा फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवला आणि आपलं पेन दिलं. व्यवस्थापकांनी न वाचता सही केली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

चाचा नऊ दिवस अतिदक्षता विभागात होते. त्यातले चार दिवस घशात श्वासाची नळी. वाचले. वॉर्डात हलवल्यावर त्यांना भेटायला तीन दिवस मी गेले नाही, कामाचं निमित्त काढत राहिले. त्या तीन दिवसांत म्हातारीचा मुलगा खिडकीवर आला. त्यालाही मी तेच सांगितलं होतं, सगळ्या सौदीत नाही. तो म्हणाला, आईच्या गोळ्या आता नकोत, मी आणल्या. कुठून? जेद्दाला कामाला गेलो होतो, अझीझियातल्या एका मेडिकलच्या दुकानात सहज विचारलं. सहज. मी म्हटलं, छान झालं. तो गेल्यावर मी खिडकी बंद केली, जेवणाची सुट्टी नसताना.

त्या दुपारी मी वर गेले. चाचा उशीला टेकून बसले होते, आवाज नाकातून येत होता पण येत होता. मला बघून चेहरा उजळला. “बाय आली,” शेजारच्या खाटेवरच्या बंगाल्याला हिंदीत म्हणाले, “ये मेरी गाँव की बच्ची, रियाध जा के मेरी दवा लाई.” वॉर्डातल्या सगळ्यांना त्यांनी ते सांगितलं होतं असं दिसलं. नर्ससुद्धा माझ्याकडे बघून हसली.

ही दुसरी संधी होती, आणि खोटं ठेवून घ्यायला यावेळी काहीच लागलं नसतं. नुसतं गप्प बसायचं होतं. मी खुर्ची ओढली.

“चाचा, गोळ्या आल्या होत्या. जूनमध्येच आल्या होत्या. मी परत पाठवल्या.”

त्यांना नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगितलं.

“खराब होत्या?”

“नाही. मुदतीला दहा दिवस कमी होते.”

“म्हंजे दहा दिवसांत खराब होणार होत्या?”

“नाही चाचा. एक वर्ष हवं असतं. वर्षाला दहा दिवस कमी होते.”

त्यांनी बोटाने डावी पापणी वर धरली आणि माझ्याकडे बघितलं. मी नियम सांगितला, तपासणी सांगितली, खोकल्याच्या तीन बाटल्या सांगितल्या. सांगता सांगता मलाच ते सगळं इतकं फडतूस वाटायला लागलं की मी मध्येच थांबले. मला वाटलं ते ओरडतील. मला ते हवंही होतं.

“या आता खातो त्या?”

“त्याच. रियाधच्या हॉस्पिटलने ठेवून घेतल्या होत्या.”

“रियाधला होत्या?”

“हो.”

“तू बोललीस, रियाधला पन नाय.”

मी मान खाली घातली. लाज वाटली, आणि लाज वाटतेय हे त्यांना दिसावं असंही वाटलं, म्हणून आणखी वाटली.

“माजा पुतन्या रियाधला हर आठवड्याला जातो कापड आनायला,” चाचा म्हणाले. राग नव्हता, एखाद्या मापात कुठे चुकलं ते शोधत असल्यासारखा आवाज होता. “दोनदा इचारलान माला, गोल्या बघू काय तिकडं. मीच त्याला बोल्लो, नको. आपली बाय आत बसलीय, तिला ठावं. ती बोलते कुठंच नाय, म्हंजे नाय.”

त्यांनी पापणीवरचं बोट काढलं. डोळा आपोआप मिटला. मी बसून राहिले, पण त्यांनी बोट पुन्हा पापणीकडे नेलं नाही.